उसाचा उतारा, नाफ्थ्याचा भाव

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एक एकर उसात खनिज तेल किती मुरलंय, हा हिशोब सहसा कुणी मांडत नाही. ट्रॅक्टरचं डिझेल सगळ्यांना दिसतं, त्याची दरवाढ झाली की बोंबही होते. पण दूधगंगा-वेदगंगेवरून पाणी आणणारी पाइपलाइन पीव्हीसीची असते. सरीतली ठिबकची काळी लॅटरल पॉलिथिनची असते. युरिया तयार होतो नैसर्गिक वायूपासून आणि ज्या पोत्यातून येतो ते पोतं पॉलिप्रॉपिलिनचं. तणनाशक, हुमणीवरचं औषध, औषधाचा डबा, पंपाची टाकी, गुऱ्हाळावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद, सगळ्यांचं मूळ तेलविहिरीत. एवढंच कशाला, कारखान्यात तयार झालेली साखरसुद्धा बहुतेक प्लास्टिकच्या पोत्यातच भरतात. 1987 च्या ताग-वेष्टन कायद्याखाली 20 टक्के साखर तागाच्या पोत्यात भरायचं बंधन आहे. बाकीची वाट मोकळी आहे.

खनिज तेलाला पर्याय म्हटलं की चर्चा गाडीच्या टाकीपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. टाकीला पर्याय बरेच आहेत. वीज सूर्यापासून येईल, वाऱ्यापासून येईल, त्यावर गाडी पळेल. पाइपचं तसं नाही. पाइप, रंग, औषधं, डिंक, धागा, साबण ही सगळी कार्बनच्या सांगाड्यावर उभी असतात आणि सूर्यप्रकाशात कार्बन नसतो. तो एक तर जमिनीखालून आणायचा, नाही तर झाडाकडून घ्यायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून रसायनं करण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत, पण बाजारभावाच्या जवळपास ते अजून आलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2018 च्या अहवालात असा अंदाज दिला होता, की 2050 पर्यंत तेलाच्या मागणीत जी वाढ होईल त्यातली जवळजवळ निम्मी पेट्रोरसायनांमुळे असेल. म्हणजे गाड्या विजेवर गेल्या तरी विहिरी बंद होणार नाहीत.

मुळात नाफ्थ्याची करामत साधी आणि अफाट आहे. कच्चं तेल शुद्ध करताना पेट्रोलच्या आसपास उकळणारा जो हलका भाग निघतो तो नाफ्था. वाफेबरोबर त्याला 800 ते 850 अंश तापमानात क्षणभर फिरवलं की त्याचे लांब रेणू तुटून इथिलीन, प्रॉपिलीन, ब्युटाडाइन आणि बेंझिनसारखे थोडके ठोकळे हाती लागतात. बाजारातली बहुतेक प्लास्टिकं, कृत्रिम धागे, रबर, रंग आणि औषधांचे कच्चे घटक या मूठभर ठोकळ्यांतून उभे राहतात. आंबोली-फोंड्याचे घाट उतरून गेलं की या धंद्याचा आकार कळतो. कोकणात आधी नाणार, मग बारसू अशी जागा बदलत जी रत्नागिरी रिफायनरी व्हायची होती, तिची योजलेली क्षमता वर्षाला 6 कोटी टन तेल शुद्ध करण्याची होती आणि सोबत पेट्रोरसायनांचं मोठं संकुल. सरकारी तेल कंपन्यांबरोबर सौदी आराम्को आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक त्यात उतरल्या होत्या. स्थानिकांनी ती अडवली. आंबा-मासळीचं काय होणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण त्या रिफायनरीतून निघाला असता तो माल आपण आजही वापरतोच, फक्त तो दुसऱ्या कुणाच्या किनाऱ्यावरून येतो.

आता पर्यायांकडे वळू. पहिला पर्याय नवा नाहीच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत भारतात रसायनांचा मोठा कच्चा माल मळीपासूनचं अल्कोहोल हाच होता. 1959 मध्ये कोलकात्याजवळ रिश्रा इथं पॉलिथिन तयार होऊ लागलं ते अल्कोहोलपासून काढलेल्या इथिलीनचं. बरेलीच्या सिंथेटिक्स अँड केमिकल्स या कारखान्यात 1960 च्या दशकात टायरचं कृत्रिम रबर निघत होतं, त्यातलं ब्युटाडाइनही अल्कोहोलपासूनचंच. असेटिक आम्ल, डीडीटी, कितीतरी द्रावकं त्याच वाटेने जात. साखर कारखान्यांची मळी नियंत्रित दराने उचलली जायची, 1961 चा मळी नियंत्रण आदेश त्यासाठीच होता. स्वस्त मळी, स्वस्त अल्कोहोल, म्हणून स्वस्त रसायन असा तो मेळ होता आणि शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातून फारसं काही येत नव्हतं, हेही सांगायला हवं. मग 1960 च्या दशकातच ट्रॉम्बेला युनियन कार्बाइडचा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा नाफ्था क्रॅकर उभा राहिला, पुढे बडोद्याला आयपीसीएलचा. इथिलीन कितीतरी मोठ्या यंत्रात, कमी कष्टात मिळू लागलं. 1973 च्या तेलटंचाईनंतर ब्राझीलने उलट उसाकडे तोंड वळवलं. आपण वळवलं नाही. 1993 मध्ये मळीवरचं नियंत्रण उठलं आणि स्वस्त अल्कोहोलचा आधारही गेला.

म्हणजे रसायनशास्त्र अडलं नव्हतं, अडला होता भाव. तो भाव आजही मांडून बघता येतो. अल्कोहोलमधून पाणी काढून टाकलं की इथिलीन मिळतं. तापलेल्या अ‍ॅल्युमिनावरून अल्कोहोलची वाफ सोडली की झालं. अ‍ॅल्युमिना म्हणजे बेळगावात हिंडाल्कोचा कारखाना बॉक्साइटपासून जो काढतो तोच पांढरा पदार्थ, फक्त उत्प्रेरक म्हणून खास तयार केलेला. पण एक टन इथिलीनसाठी सव्वादोन हजार लिटरच्या आसपास अल्कोहोल लागतं. सी-हेवी म्हणजे शेवटच्या मळीपासूनच्या इथेनॉलला तेल कंपन्यांनी 2024-25 मध्ये लिटरला 57 रुपये 97 पैसे दिले, उसाच्या रसापासूनच्याला 65 रुपये 61 पैसे. या भावाने नुसता कच्चा मालच टनाला सव्वा ते दीड लाखावर जातो. आशियाच्या बाजारात इथिलीन त्या काळात 800 ते 1000 डॉलर टनाच्या आसपास फिरत होतं, म्हणजे ढोबळमानाने सत्तर-पंच्याऐंशी हजार रुपये. गणित इथंच फिसकटतं. तरी ब्राझीलच्या ब्रास्केम कंपनीने 2010 मध्ये त्रिऊन्फू इथं वर्षाला दोन लाख टन क्षमतेचा उसाच्या इथिलीनचा कारखाना चालू केला आणि तो चालतो, कारण तिथला ऊस स्वस्त आणि युरोप-जपानचे ग्राहक हिरव्या पॉलिथिनला जादा पैसे मोजणारे. आपल्याकडे काशीपूरची इंडिया ग्लायकॉल्स 1989 पासून मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल काढते आहे. तिचं टिकणं हा अपवाद म्हणून अभ्यासण्यासारखा आहे.

आणि ज्या अल्कोहोलबद्दल आपण बोलतोय ते आता रसायनाच्या वाट्याला येतंच कुठे? 2003 मध्ये पाच टक्क्यांनी सुरू झालेलं पेट्रोलमधलं मिश्रण 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोचलं. त्यासाठी वर्षाला सुमारे 1000 कोटी लिटर इथेनॉल लागतं. त्यात आता उसापेक्षा मक्याचा आणि तांदळाचा वाटा जास्त आहे. वरच्या हिशोबाने हे सगळं इथेनॉल इथिलीनकडे वळवलं असतं, तर साधारण 45 लाख टन इथिलीन झालं असतं. ते आपण जाळतो. 2018 मध्ये इंधनात मिसळायच्या इथेनॉलवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, रसायनासाठीच्या अल्कोहोलला ती सवलत नव्हती. ज्या कामाला विजेचा पर्याय आहे त्याला सरकारने झाडाचा कार्बन दिला आणि ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याला नाफ्थ्यावर ठेवलं. साखर कारखान्यांना रोख पैसा मिळाला, शेतकऱ्यांची थकबाकी कमी झाली, हे फायदे खरे आहेत. तरीही हा क्रम उलटा आहे असंच मला वाटतं. शिवाय धोरणाचा भरवसा नाही. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने एका फटक्यात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवड्याभरात ती सैलही केली. अशा वाऱ्यावर वीस वर्षं चालायचा रसायनाचा कारखाना कोण उभारेल?

पण समजा भाव जुळला, धोरण स्थिरावलं, तरी उसापासून इथिलीन करणं ही मुळातच वाईट निवड आहे. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर तिचा उतारा खराब आहे. 180 किलो ग्लुकोज आंबवलं तर 92 किलो अल्कोहोल मिळतं, उरलेले 88 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. त्या 92 किलोतलं पाणी काढलं की हातात 56 किलो इथिलीन. उतारा 31 टक्के. याचं कारण सरळ आहे. साखरेच्या वजनात निम्म्याहून जास्त ऑक्सिजन असतो, तेलात तो जवळपास नसतोच. ऑक्सिजन फेकून देऊन झाडाला तेलासारखं करायला निघालो तर तेलच जिंकणार. उलट त्याच 180 किलो ग्लुकोजचं जिवाणूंकडून लॅक्टिक आम्ल करून घेतलं, तर कागदावर 180 किलो आम्ल मिळतं आणि त्याची साखळी जोडून पीएलए नावाचं प्लास्टिक केलं तर 144 किलो. 80 टक्के. प्रत्यक्षात दोन्हीकडे थोडी गळती होते, पण फरक मिटत नाही. तेलाशी झुंजायचं तर जिथं ऑक्सिजन ठेवून घेता येतो, जिथं झाडाने बांधून ठेवलेली रचना मोडावी लागत नाही, तिथं झुंजायचं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या संदर्भात या सगळ्या प्रश्नाचं मर्म मला इथंच दिसतं.

पीएलएचे कारखाने अमेरिकेत मक्यावर 2002 पासून चालतात. आपल्याकडे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जेजुरीला जैव-प्लास्टिकचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला आणि बलरामपूर चिनी उत्तर प्रदेशात मोठा कारखाना उभारते आहे. साखरेच्या पट्ट्यात पहिला मोठा कारखाना गंगेच्या खोऱ्यात होतोय, कृष्णेच्या नाही, याची खंत वाटते. बेळगाव जिल्ह्यात साखर कारखाने दोन डझनांहून जास्त, निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावातच, रेणुका शुगर्सचं नोंदणीकृत कार्यालयही तिथंच. साखर मोडून दुसरं काही करण्याची सवय जिल्ह्याला नाही असंही नाही. गोकाकला मक्याच्या स्टार्चचा कारखाना वर्षानुवर्षं चालतो. आधी तो रिद्धी सिद्धीचा होता, पुढे फ्रान्सच्या रोकेतकडे गेला. स्टार्चपासून ग्लुकोज, त्यापासून टूथपेस्टमध्ये जाणारं सॉर्बिटॉल, ही वाट रसायनशास्त्राच्या भाषेत जैवरसायनांचीच. गोकाककर तिला फक्त मक्याची कंपनी म्हणतात. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात समीरवाडीला आणि महाराष्ट्रात कोपरगावजवळ साकरवाडीला कारखाने असलेली गोदावरी बायोरिफायनरीज उसाच्या अल्कोहोलपासून इथाइल असिटेट आणि सौंदर्यप्रसाधनांत लागणारं ब्युटिलीन ग्लायकॉल काढते. इथाइल असिटेटमध्ये ऑक्सिजन टिकून राहतो, म्हणून तिथं अल्कोहोल अजून तग धरून आहे. महाडचा लक्ष्मी ऑरगॅनिक याच मालावर मोठा झाला.

बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या फाउंड्रीत साच्याचा विभाग बघितला, तर यापेक्षा गमतीची गोष्ट सापडते. बेळगाव-कोल्हापूर हा ओतीव लोखंडाचा जुना पट्टा. मोठ्या कास्टिंगसाठी वाळूत फ्युरान रेझिन आणि आम्ल मिसळून साचा भरतात, तो आपोआप आवळून घट्ट होतो. हे फ्युरान रेझिन येतं फरफ्युरिल अल्कोहोलपासून, ते फरफ्युरालपासून, आणि फरफ्युराल मक्याच्या बुरकुंडापासून किंवा बगॅसपासून. 1920 च्या दशकात अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या फोलपटातून ते काढायला सुरुवात केली आणि शंभर वर्षं झाली तरी तेलाला त्याची जागा घेता आलेली नाही. पेंटोज साखरेची पाच कार्बनांची कडी गवतात आयती असते, ती नाफ्थ्यापासून बांधणं परवडत नाही. आज जगाचा बहुतेक माल चीनमध्ये मक्याच्या बुरकुंडातून निघतो. बेळगावच्या फाउंड्रीत लागणाऱ्या रेझिनचं मूळ गवतात, चहूबाजूंनी उसाची चिपाडं आणि मक्याची बुरकुंडं, तरी रेझिन येतं लांबून. बगॅस मात्र बॉयलरमध्ये जातं, त्यावर को-जनरेशनची वीज होते आणि ती वीज ग्रीडला विकली जाते. त्यातला पेंटोजचा भाग आधी काढून घेऊन उरलेलं जाळायलाही हरकत नाही, पण वीज विकण्याचा करार हातात असताना तो खटाटोप करायला कुणी धजत नाही. पण फ्युरानचं कौतुकही पूर्ण करू नये. फ्युरान घट्ट करायला जे पीटीएस (पॅरा-टोल्यूइन सल्फॉनिक) आम्ल घालतात, ते टोल्यूइनपासून, म्हणजे तेलापासूनच येतं.

त्याच साच्यांच्या दुसऱ्या पद्धतींत फेनॉलिक रेझिन वापरतात. फेनॉल येतो बेंझिन आणि प्रॉपिलिनमधून, म्हणजे थेट तेलाचं पोर. आणि त्याला पर्याय बेळगावातून चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोत्यांत पडलेला असतो. चंदगड, आजरा, खानापूर हा काजूचा भाग. काजूच्या टरफलात जे काळसर, चरचरीत तेल असतं त्याने काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांची कातडी जाते, बोटं काळी पडतात. त्यापासून हात वाचवायला त्या राख किंवा तेल चोळतात. हे तेल गरम केलं की त्यातल्या अ‍ॅनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरतं, म्हणजे फेनॉलच्या कड्याला 15 कार्बनांची शेपटी. ती शेपटी फुकटची नाही. तिच्यामुळे रेझिन लवचीक होतं, पाण्याला दाद देत नाही. म्हणून गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, जहाजांच्या रंगात, इपॉक्सी घट्ट करणाऱ्या द्रव्यांत कार्डानॉल जातं. कार्डोलाइट ही अमेरिकी कंपनी मंगळूरला याच तेलावर कारखाना चालवते. सीमाभागातली टरफलं काही तेल गाळणाऱ्यांकडे जातात, काही भट्टीत. दुसऱ्या देशांनी ज्या मालासाठी संशोधन केंद्रं उघडली तो इथं इंधन म्हणून जळतो. यात कुणाला खलनायक ठरवायची गरज नाही. छोटा काजू कारखानदार टरफलाचं तेल काढायला यंत्र घेईल तेव्हा घेईल, त्याला आजच्या आज भट्टी पेटवायची असते.

निपाणीच्या तंबाखूची कथा याच जातीची आहे, फक्त तिला राजकारणाची धार आहे. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखून बसलेले शेतकरी भावासाठी लढले, आणि तो भाव ठरत होता विडीच्या मालकांच्या वखारीत. विडी सोडून या पानाला दुसरी वाट आहे का, हा प्रश्न तेव्हापासून आहे. विडीच्या तंबाखूत निकोटिन सिगारेटच्या तंबाखूपेक्षा बरंच जास्त असतं. काड्या आणि भुग्यातून निकोटिन सल्फेट काढून ते कीटकनाशक म्हणून विकलं जायचं. माणसालाही ते घातक असल्याने आपल्या देशात त्याच्या वापरावर बंदी आहे, निर्यातीसाठी उत्पादन मात्र चालतं. झाडापासून आलं म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीला एवढं एक उदाहरण पुरे. आणि गंमत अशी, की उसातल्या हुमणीवर आज जे इमिडाक्लोप्रिड वापरतात ते किड्याच्या मज्जातंतूत निकोटिनच्याच जागी जाऊन बसतं. निकोटिनचा धडा घेऊन रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा कृत्रिम भाऊबंद तेलापासून बांधला, तो जास्त टिकाऊ, आणि निपाणीच्या दुकानात तो विकत मिळतो. तंबाखूच्या पानातलं सोलानेसॉलही औषधी उद्योगात कोएन्झाइम क्यू-10 करण्यासाठी हवं असतं. तो बाजार लहान आहे, पण विडीचा बाजार आक्रसत असताना लहान बाजारही हिशोबात धरायला हवेत. निपाणीत धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, त्याच्या कामाचा रोख अजून विडीच्या पानाच्या उत्पादनावरच जास्त असतो.

बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या यंत्रमागांचा उल्लेख ओघात येतो म्हणून. तिथल्या साडीतलं पॉलिस्टर तेलाचं आणि आर्टसिल्क म्हणून ओळखला जाणारा व्हिस्कोस धागा लाकडाच्या सेल्युलोजचा. 1970 च्या दशकात हरिहरजवळ ग्रासिमचा लगद्याचा कारखाना त्यासाठीच उभा राहिला. सेल्युलोजची साखळी मोडावी लागत नाही, म्हणून व्हिस्कोस शंभर वर्षांहून जास्त टिकला. पण त्यासाठी कार्बन डायसल्फाइड लागतं आणि तुंगभद्रेच्या काठच्या लोकांना विचारलं तर ते हिरवेपणाबद्दल वेगळं सांगतील.

दोन गोंधळ मात्र इथं निस्तरायला हवेत. उसापासूनचं पॉलिथिन तेलापासूनच्या पॉलिथिनसारखंच शेकडो वर्षं कुजत नाही. रेणू एकच आहे, फक्त कार्बन कुठून आला एवढा फरक. पीएलए कुजतं, पण 58-60 अंश तापमानाच्या खतकुंडीत. निपाणीच्या शिवारात किंवा गटारात टाकलं तर ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. 1 जुलै 2022 पासून देशभर ठरावीक एकल-वापर प्लास्टिकवर बंदी आहे, पण तो प्रश्न कचऱ्याचा. कच्च्या मालाचा प्रश्न त्याने सुटत नाही. दुसरा गोंधळ पाण्याचा. ऊस हा नूतनीकरणक्षम म्हणायचा तो पावसाच्या आणि धरणाच्या भरवशावर. कृष्णा-दूधगंगेच्या काठी 2019 आणि 2021 मध्ये उभा ऊस पुरात कुजला, आणि अथणी तालुक्याच्या पूर्वेला उन्हाळ्यात टँकर लागतो. रसायनांसाठी आणखी ऊस लावा, असं म्हणणाऱ्याने आधी त्या टँकरमागून एक चक्कर मारावी. जे आहे त्याचाच, म्हणजे बगॅस, बुरकुंडं, टरफलं, भुगा यांचा विचार म्हणून जास्त शहाणपणाचा वाटतो.

सीमाभागाची एक खास गोची यात आहे. अल्कोहोल हा विषय संविधानात अडकलेला. त्याच बरेलीच्या सिंथेटिक्स अँड केमिकल्सच्या खटल्यात 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांना अधिकार नाही असं ठरवलं होतं. 23 ऑक्टोबर 2024 ला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने ते उलटवलं. आता औद्योगिक अल्कोहोलच्या नियमनाचा अधिकार राज्यांकडे आहे. शिरगावकर कुटुंबाचा उगार शुगर कर्नाटकात, त्याचं नोंदणीकृत कार्यालय सांगलीत. ऊस कागलकडून निपाणीकडे आणि निपाणीकडून कागलकडे जातो. 2023 मध्ये महाराष्ट्राने राज्याबाहेर ऊस न्यायला बंदी घातली होती, ती शेतकरी नेते राजू शेट्टींच्या विरोधानंतर मागे घेतली. ऊसच ज्या रेषेवर अडतो तिथं अल्कोहोलचा टँकर दोन राज्यांच्या अबकारी खात्यांच्या परवान्यांतून जाणार. एखाद्या रसायन कंपनीने गडहिंग्लज एमआयडीसीत कारखाना टाकून संकेश्वरच्या डिस्टिलरीतून माल घ्यायचं ठरवलं, तर तिचा पहिला खर्च यंत्रांवर होईल की कागदांवर, सांगता येत नाही.

आणि पैसे कुणाला? एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, 2025-26 ला 10.25 टक्के उताऱ्यासाठी टनाला 3550 रुपये ठरली, ती साखरेच्या उताऱ्यावर बेतलेली. रंगराजन समितीने 2012 मध्ये साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड या उपपदार्थांच्या विक्रीतला सत्तर टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा असं सुचवलं. त्या सूत्रात मळी मळीच्या भावाने मोजली जाते. तिचं अल्कोहोल, अल्कोहोलचं असिटेट, असिटेटचं आणखी काही झालं, की ती वाढ शेतकऱ्याच्या हिशोबाबाहेर जाते. नोव्हेंबर 2025 मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी रस्त्यावर बसले. मागणी होती तोडणी-वाहतूक वगळून टनाला 3500 रुपयांची, तडजोड झाली 3300 वर. त्या घासाघिशीत मळी, बगॅस आणि त्यापुढच्या मालाचा भाव वेगळा ठरला नाही. साकरवाडीसारखं ग्लायकॉल किंवा जेजुरीसारखं प्लास्टिक उद्या या पट्ट्यात होऊ लागलं, तर त्याचा कच्चा माल 1961 च्या मळीसारखा नियंत्रित स्वस्त दराने घ्यायचा की त्यातली कमाई सूत्रात घालून वाटायची, हे आधी ठरवावं लागेल. फरफ्युराल बगॅसमधून निघू लागलं की बगॅसचा भाव काय धरायचा, यावर बेळगावात आणि पुण्याच्या साखर संकुलात आतापासून बोलणी सुरू करायला काही अडचण नाही.